बारा दिवसांचा ब्लॉक

(माघी गणेश जयंतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘सील’ एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं, मालडब्याच्या दाराला लावतात ते सील. उभी हयात गुड्समध्ये गेलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार! त्या सीलवर मी अर्धा तास सहज बोललो असतो, पण प्रसादाआधीच सभागृह रिकामं झालं असतं. आज बोलायचंय ते समुद्रातल्या सीलबद्दल, आणि त्यातही त्याच्या पिल्लाबद्दल.

आधी एक खुलासा. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. स्थापत्य शाखेचा डिप्लोमा आणि वीस-बावीस वर्षं रुळांवरची नोकरी, एवढीच माझी विद्या. दोन वर्षांपूर्वी घरी टीव्हीवर सीलचा कार्यक्रम लागला होता. अथांग बर्फ, त्यावर एक पांढरंशुभ्र, कापसाच्या गाठोड्यासारखं पिल्लू. त्याची आई शेजारच्या फटीतून पाण्यात उतरली आणि निघून गेली. निवेदकानं सांगितलं, आता ती परत येणार नाही. पिल्लू बारा दिवसांचं होतं. माझी धाकटी एकदम म्हणाली, “बाबा, ही कसली आई?”

मला उत्तर देता आलं नाही. मग कॉलनीच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, रात्री संगणकावर बसून शोधलं, आणि हळूहळू गुंतत गेलो. आज जे सांगणार आहे ते तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे, जरा लेट धावणाऱ्या गाडीसारखं.

सीलला आपल्याकडे कुणी कुणी सील मासा म्हणतात. तो मासा नाही. तो गाय-म्हशीसारखा पिल्लांना दूध पाजणारा, फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी आहे. आयुष्याचा बराचसा काळ पाण्यात जातो, पण पिल्लू जन्मतं ते मात्र कोरड्यात, जमिनीवर किंवा बर्फावर. आपल्या किनाऱ्यावर सील राहत नाहीत, त्यामुळे आपण त्यांना चित्रातच बघतो. सीलच्या तीसहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्यांचं पुराण आज लावत नाही. टीव्हीवर जे पिल्लू होतं ते हार्प सीलचं. मोठ्या हार्प सीलच्या पाठीवर हार्प नावाच्या पाश्चात्त्य तंतुवाद्याच्या आकाराचा काळा डाग असतो, म्हणून हे नाव.

हे सील उत्तर अटलांटिकमध्ये राहतात. पिल्लं घालायला ते ठरलेल्या तीन भागांत जमतात. एक कॅनडाजवळ, म्हणजे सेंट लॉरेन्सचं आखात आणि न्यू फाउंडलंडच्या बाहेरचा समुद्र. दुसरा ग्रीनलंडच्या पूर्वेला. तिसरा रशियाचा श्वेत समुद्र. तिथं हिवाळ्यात समुद्र गोठून जे बर्फाचे तुकडे तरंगतात, त्यावर हजारो माद्या एकाच सुमाराला विततात. कॅनडाच्या बाजूला हा काळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा. म्हणजे आज आपण माघी जयंती करतोय, आणि अजून महिन्याभरानं तिकडे पाळणे हलायला लागतील.

आता त्या जन्माचा क्षण डोळ्यांसमोर आणा. आईच्या पोटात तापमान सदतीस अंश. बाहेर शून्याच्या खाली, वर बोचरा वारा. पिल्लू ओलंचिंब बाहेर येतं आणि थेट बर्फावर पडतं. वजन साधारण ११ किलो. अंगावर चरबी जवळजवळ नाही. सीलला थंडीपासून वाचवते ती कातडीखालची चरबी, आणि नेमकी तीच या पोराजवळ नसते. मग ते तगतं कसं? एक तर कुडकुडून. दुसरं म्हणजे त्याच्या अंगात तपकिरी रंगाची एक वेगळी चरबी थोडीशी असते, तिचं काम फक्त जळून ऊब देणं. आपल्या तान्ह्या बाळाच्या मानेजवळ आणि खांद्यांमध्येही ती असते. तिसरी गोष्ट त्याची लोकर. जन्मतः ती पिवळसर दिसते, दोन-तीन दिवसांत पांढरी होते. ही लोकर कोरडी असेल तोवर उत्तम काम देते. भिजली की कुचकामी. म्हणून हे पिल्लू समुद्राचं असूनही त्यानं पहिल्या दिवसांत समुद्रात पडता कामा नये. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आई वास घेऊन आणि आवाज ऐकून आपलं पिल्लू ओळखते. आजूबाजूला शेकडो पिल्लं सारखीच पांढरी, सारखीच रडणारी. ती नाकाला नाक लावून खात्री करते आणि फक्त आपल्यालाच पाजते. दुसऱ्याचं जवळ आलं तर हुसकावते.

आणि दूध! आपल्या गाईच्या दुधात साधारण ४ टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात ७ टक्के. हार्प सीलच्या दुधात सुरुवातीलाच २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि दूध तोडायची वेळ येते तेव्हा तो ४० टक्क्यांच्याही पुढे जातो. साखर जवळजवळ नाही. ते दूध पिणं म्हणजे वाटी वाटी साय खाणं. पिल्लाचं वजन रोज दोन किलोहून अधिक वाढतं. बाराव्या दिवशी ११ किलोचं ३५ किलो झालेलं असतं आणि वाढलेल्या वजनात बहुतेक चरबीच. इकडे आईचं वजन रोज सुमारे तीन किलोनं उतरत असतं. एका अंगातला साठा दुसऱ्या अंगात ओतला जातो, आणि ओतताना सांडलवंड फार कमी.

आता इथं बसलेल्या इंजिनिअरिंग खात्यातल्या मंडळींना मी एक गंमत सांगतो. बाकीच्यांनी क्षणभर आमची भाषा सोसावी. आम्हाला रूळ बदलायचा असला की ट्रॅफिककडून ब्लॉक घ्यावा लागतो. म्हणजे तेवढा वेळ त्या मार्गावर गाडी येणार नाही, याची हमी. समजा तीन तास मिळाले. त्या तीन तासांत जुना रूळ काढून, नवा घालून, मार्ग पूर्ववत करून द्यायचा. ब्लॉक जेवढा लहान, तेवढी माणसं जास्त, यंत्रं जास्त, तयारी आधीपासूनची. वेळ टळली की ब्लॉक बर्स्ट झाला म्हणतात, आणि मग वरून फोन सुरू होतात.

सीलच्या माद्यांचंही असंच आहे. त्यांचा ब्लॉक बर्फ देतो. पायाखालचा बर्फ किती दिवस टिकणार, त्यावर पाजण्याचे दिवस ठरलेले दिसतात. हार्प सीलचा बर्फ सुटा, वाहता. म्हणून बारा दिवस. त्याच उत्तर अटलांटिकमध्ये हूडेड सील नावाची जात आहे. नराच्या नाकावर टोपीसारखी फुगणारी पिशवी असते. ही माद्या वाहत्या बर्फाच्याच तुकड्यांवर विततात. त्यांचा ब्लॉक किती? चार दिवस. फक्त चार! सगळ्या सस्तन प्राण्यांत इतकं थोडकं दूधपण दुसऱ्या कुणाचं नाही. त्या दुधात ६० टक्के स्निग्धांश, पिल्लाचं वजन रोज सात किलोनं वाढतं, आणि चार दिवसांत ते जवळजवळ दुप्पट होतं. १९८५ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी हे मोजून छापलं. आणि तयारी आधीपासूनची म्हणालो ना, तर या पिल्लाची बाळलोकर आईच्या पोटातच गळून गेलेली असते आणि कातडीखाली चरबीचा थर घेऊनच ते जन्मतं. कामाच्या जागेवर माल आधी उतरवून ठेवावा तसं.

याच्या उलट दक्षिण ध्रुवाकडची वेडेल सील. तिचा बर्फ किनाऱ्याला घट्ट धरलेला, जाड, महिनोन् महिने न हलणारा. तिथं अस्वल नाही, लांडगा नाही. ती सहा-सात आठवडे आरामात पाजते. पिल्लू साधारण दोन आठवड्यांचं झालं की त्याला बर्फातल्या भोकातून पाण्यात नेते, सोबत पोहते. ज्या आईचा पायाखालच्या फरशीवर भरवसा, तिला घाई नाही. म्हणजे बारा दिवसांत जाणारी आई निष्ठुर आणि सहा आठवडे राहणारी माया करणारी, असा हिशेब लावता येत नाही. दोघींना मिळालेला ब्लॉक वेगळा, एवढंच.

बाराव्या दिवसानंतर आईचं काय होतं, तेही थोडक्यात सांगतो. ती नराशी जोडी जमवते आणि पुढच्या वर्षीच्या पिल्लाची सोय होते. पण तो गर्भ लगेच वाढीला लागत नाही. सुमारे तीन महिने तो नुसता थांबून राहतो आणि मग वाढू लागतो. गर्भ थेट वाढता तर पिल्लू भलत्याच ऋतूत जन्मलं असतं, जेव्हा बर्फच नसतं. आपल्या टाइमटेबलात गाडी वेळेवर पोचावी म्हणून शेवटच्या टप्प्यात जादा मिनिटं ठेवतात, तशी ही निसर्गानं ठेवलेली जादा मिनिटं. फरक एवढाच की इथं ती प्रवासाच्या सुरुवातीला ठेवली आहेत.

आणि पिल्लू? पिल्लू पहिले काही दिवस रडतं. फिरून फिरून त्याच जागी येतं. मग पडून राहतं. त्याला पोहता येत नाही, मासा धरता येत नाही, दाखवणारं कोणी नाही. इथून पुढे चार ते सहा आठवडे ते जवळजवळ उपाशी असतं. वजन उतरत जातं, कधी कधी निम्म्यावर येतं. मला पहिल्यांदा हे वाचून वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं की हा उपास अपघातानं पडलेला नाही. बारा दिवसांत भरलेली टाकी याच प्रवासासाठी होती.

त्यातही एक गोष्ट मला फार आवडली. त्या पिल्लाला पाणी कुठून मिळतं? समुद्राचं खारट. पण चरबी शरीरात जळली की तिच्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो चरबी पूर्ण जळली तर एक किलोपेक्षा किंचित जास्तच पाणी तयार होतं. चरबीचं वजन आणि पाण्याचं वजन! बाहेरचा प्राणवायू त्यात मिसळतो म्हणून ते जास्त भरतं. म्हणजे आईनं दिलेल्या त्या चरबीत पिल्लाची चूलही आहे, रजईही आहे आणि माठही आहे. आमची थोरली यंदा पुण्याला होस्टेलवर गेली तेव्हा तिच्या आईनं डिंकाचे लाडू, चिवडा, मेतकूट असं इतकं भरून दिलं की बॅगेची चेन लागेना. मी चेष्टेनं तिला सील म्हणालो. ती म्हणाली, सील जाऊन परत येत नाही, मी दर रविवारी फोन करणार आहे. तेव्हा उपमा तिथंच संपली.

तीन आठवड्यांचं झाल्यावर पिल्लाची पांढरी लोकर झडायला लागते. काही दिवस ते अगदी फाटक्या गोधडीसारखं दिसतं. तिकडचे लोकही त्याला फाटक्या अंगरख्यावरूनच नाव देतात. खालून चंदेरी, ठिपक्यांचा, पाण्यात चालणारा आखूड केस येतो. मग एक दिवस ते पाण्यात उतरतं. पोहणं कसलं, नुसतं हातपाय मारणं. त्यावरून या वयाच्या पिल्लाला बडवणारा अशा अर्थाचं नाव पडलं आहे. थोड्याच दिवसांत पोहणं जमतं. पहिली शिकार म्हणजे कोळंबीच्या जातीचे बारके जीव, मासे नंतर. आणि बर्फ वितळत उत्तरेकडे सरकू लागला की पिल्लंही त्याच्यामागे उत्तरेकडे, आर्क्टिककडे निघतात. आईबाप बरोबर नाहीत. वाट कुणी दाखवलेली नाही. पहिल्या वर्षात बरीच दगावतात, पण जी जगतात ती तीस वर्षंही जगतात.

हे सगळं मी धाकटीला सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे ती सोडून गेली नाही, काम संपवून गेली.” मी म्हटलं, बरोबर.

याच प्रश्नाची दुसरी बाजू इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दर वर्षी दिसते. तिथं ग्रे सील आणि हार्बर सील अशा दोन जाती किनाऱ्यावरच पिल्लं घालतात. फिरायला गेलेल्या माणसाला वाळूवर एकटं पिल्लू दिसतं. डोळे पाणावलेले असतात, कारण सीलच्या डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायला वाट नाही. ते गालांवरच ओघळतं. माणसाला वाटतं, पोर रडतंय. कुणी त्याला उचलतं, कुणी पुन्हा समुद्रात ढकलतं. प्रत्यक्षात हार्बर सीलची आई पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून मासे खायला गेलेली असते, किंवा ते ग्रे सीलचं तीन आठवड्यांचं, दूध सुटलेलं, आपला ठरलेला उपास करणारं पिल्लू असतं. माणसांची गर्दी बघून आई जवळ यायला घाबरते, आणि मग ते खरोखरच अनाथ होतं. म्हणून तिथल्या प्राणिमित्र संस्था सांगतात की लांब उभं राहा, कुत्रं बांधा, पाण्यात ढकलू नका, आणि पिल्लू जखमी किंवा अगदी रोड दिसलं तर आम्हाला कळवा. दयेपोटी केलेली घाई कधी कधी महाग पडते, हे रुळावर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पांढऱ्या लोकरीसाठी या पिल्लांची जी कत्तल होत असे, तिच्याबद्दल अनेकांनी ऐकलं असेल. १९८३ साली युरोपीय समुदायानं पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली आणि १९८७ साली कॅनडानं अशा पिल्लांची व्यापारी शिकार थांबवली. यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला आज काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

मघाशी म्हणालो होतो, हे पिल्लू पहिल्या दिवसांत समुद्रात पडता कामा नये. २०१० आणि २०११ अशा लागोपाठ दोन हिवाळ्यांत सेंट लॉरेन्सच्या आखातात बर्फ फारच कमी झालं. माद्या आल्या, त्यांची वेळ झालेली होती. पोटातल्या पिल्लाला बर्फाची बातमी कळत नाही. पातळ बर्फावर पिल्लं जन्मली, वादळात तो फुटला आणि पोहता न येणारी पिल्लं पाण्यात गेली. हा ब्लॉक बर्स्ट झाला म्हणण्याचा प्रकार नव्हे. काम अर्ध्यावर असताना, माणसं रुळात उभी असताना, कुणी न सांगता ब्लॉक काढून घ्यावा, तसा हा प्रकार. आईची चूक नाही, पिल्लाची नाही. दूध पुरेसं होतं, वेळापत्रक हजारो वर्षांचं होतं. खालची फरशी गेली.

आम्ही रेल्वेची कायम मार्गाची माणसं वर्षभर रुळापेक्षा रुळाखालीच जास्त बघतो. खडी, माती, पाण्याचा निचरा. वरची गाडी कितीही नवी असो, खालचा भराव खचला तर काही चालत नाही. कदाचित म्हणूनच ते वाचताना मला झोप लागली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपली यादी सुधारली. तीत हूडेड सील, तेच चार दिवसांवाले, संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले, आणि हार्प सील धोक्याच्या जवळ असलेल्या वर्गात आले. कारण मुख्यतः तेच, बर्फ.

एवढ्यावर थांबलो तर मुलं उदास होऊन घरी जातील. म्हणून फिनलंडची एक हकिगत सांगतो. तिथं सायमा नावाचं मोठं सरोवर आहे. हिमयुग संपल्यावर जमीन वर उचलली गेली आणि काही सील या गोड्या पाण्यात कोंडले गेले, ते आजवर तिथंच आहेत. १९८०च्या सुमारास ते दोनशेच्याही खाली आले होते, आता सुमारे पाचशे झालेत. ही सील मादी बेटाच्या काठाशी साठलेल्या बर्फाच्या ढिगात, खालून वर शिरून गुहा करते. पिल्लू पाचेक किलोचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं जन्मतं. छप्पर पक्कं, म्हणून दूधही दोन-तीन महिने. पण अलीकडे हिवाळ्यात बर्फ पुरेसा पडत नाही आणि ढीगच तयार होत नाहीत. उघड्यावरचं पिल्लू थंडीनं मरतं नाही तर कोल्हा नेतो.

मग तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी साधा उपाय काढला. जेवढा बर्फ पडलाय तेवढा फावड्यानं ओढून आणायचा आणि सीलच्या नेहमीच्या जागी ढीग रचायचा, कमरेएवढा उंच, काही मीटर लांब. २०१४ च्या बर्फ नसलेल्या हिवाळ्यात हे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा केलं आणि त्या वर्षीची बहुतेक पिल्लं माणसांनी रचलेल्या ढिगांतच जन्मली. सरकारी खात्याची माणसं आणि गावोगावचे स्वयंसेवक मिळून गरज पडेल त्या हिवाळ्यात हे काम करतात. वसंतात ठरावीक काळ जाळी टाकायलाही बंदी असते, कारण नुकतं पोहायला लागलेलं पिल्लू जाळ्यात अडकून गुदमरतं. ढीग रचण्याइतकाही बर्फ पडला नाही तर काय, म्हणून तरंगत्या कृत्रिम घरट्यांचे प्रयोगही चालू आहेत.

आमच्या गँगमनना मी ही गोष्ट सांगितली. एक जुना जाणता माणूस म्हणाला, “साहेब, म्हणजे पॅकिंगच करतात की ते.” खडी सरकली की आपण रुळाखाली ती पुन्हा ठोकून बसवतो, त्याला आम्ही पॅकिंग म्हणतो. त्याला ती गोष्ट माझ्याआधी कळली होती.

हे ढीग रचायचं काम जानेवारी-फेब्रुवारीतच चालतं. म्हणजे आज, आपण इथं स्वेटर घालून बसलोय या वेळी, यंदा बर्फ कमी असेल तर सायमाच्या काठावर फावडी चालू असतील. ज्या पिल्लांसाठी ते ढीग, ती अजून पोटात आहेत.

माझा वेळ संपला आहे. सचिवसाहेबांनी सांगायला सांगितलंय की प्रसाद घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये, आणि चपला पाहून घालाव्यात.